जुनी पिकअप घेताना : किल्ली देण्याआधीची बोलणी

आजचा विषय सध्या बऱ्याच घरांत जेवताना निघतो आहे. पोरगं सतरा-अठराचं होतं, बारावी किंवा आयटीआय उरकतं आणि म्हणतं, "आई, आपण एक जुनी पिकअप घेऊ. आपला टोमॅटो आपल्याच गाडीनं मार्केटला नेऊ, परत येताना दुसऱ्याचं भाडं मारू." काही घरांत मुलगीही हेच म्हणते. तिचं म्हणणंही तितक्याच गंभीरपणे ऐकायला हवं.

ही मागणी वावगी नाही. माल तयार असतो, पण गाडीवाला वेळेवर येत नाही. आला तर तो सांगेल ते भाडं द्यावं लागतं. नवी गाडी झेपत नाही, म्हणून नजर जुन्या गाडीकडे जाते. छोटा हत्ती म्हणून आपण ओळखतो ती टाटा एस २००५ साली बाजारात आली. बोलेरो पिकअप तर गावोगावी दिसते. त्यामुळे जुन्या गाड्यांना तोटा नाही. तोटा असतो तो घाईघाईत केलेल्या व्यवहाराचा.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करू. गाडी चालवणार मुलगा, पण कागद, कर्ज आणि अपघाताची जबाबदारी येणार घरावर. आणि गटाचं कर्ज काढलं असेल, तर सही असते आईची. म्हणून किल्ली त्याच्या हातात देण्याआधी आपण काय काय बोलून, बघून आणि लिहून घ्यायचं, ते आज क्रमानं पाहू.

आधी वय, मग गाडी

आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. त्यातल्या कलम ४ प्रमाणे चारचाकी चालवायला वय १८ पूर्ण लागतं. गावात "शेतापर्यंतच तर नेतोय" असं म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी देतात. पण शेताकडे जाणारा गावचा रस्ता हाही कायद्याच्या नजरेत सार्वजनिक रस्ताच आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनं या कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे ज्या पोराला गाडीवर पोट भरायचं आहे, त्याचीच वाट सात-आठ वर्षं बंद होते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, तेव्हा मुलाच्या वडिलांना अटक झाली होती. ते शहरातलं श्रीमंत घर होतं. कायदा मात्र आपल्या घरालाही तोच आहे.

आता पिकअपची वेगळी बाब. भाड्यानं माल वाहणाऱ्या गाडीची नंबरपाटी पिवळी असते. अशा वाहतुकीच्या गाडीसाठी त्याच कलम ४ मध्ये वय २० लिहिलेलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतुकीच्या गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, त्यावर वेगळा शेरा लागत नाही. पिकअप या वजनात बसते. पण तो वाद परवान्याच्या प्रकाराचा होता. वयाची ओळ कायद्याच्या पुस्तकात आहे तशी आहे, आणि अपघातानंतर भरपाई टाळायची असेल तर विमा कंपनीचा वकील तीच ओळ पुढे करू शकतो. म्हणून आमचा सल्ला साधा आहे. वीस पूर्ण होईपर्यंत पिवळ्या पाटीच्या गाडीच्या चाकावर मुलाला बसवू नका.

मग अठरा ते वीस या काळात त्यानं करायचं काय? अठरा पूर्ण होताच शिकाऊ परवाना काढायचा. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शिकताना शेजारी परवानाधारक माणूस हवा आणि गाडीला पुढेमागे लाल 'एल' हवा. पक्का परवाना मिळाल्यावर पिकअपवर जाणता चालक ठेवून मुलानं त्याच्यासोबत क्लीनर म्हणून जायचं. माल कसा लादतात, दोर कसा आवळतात, घाटात कुठल्या गिअरला उतरतात, भाडं कसं ठरतं, हे सगळं तिथंच शिकायला मिळतं.

गाडी कुणाच्या नावावर?

गाडी आईच्या नावावर घ्या, असं आम्ही नेहमी म्हणतो. कर्ज तिचं, तर मालमत्ताही तिची हवी. पण नावासोबत जबाबदारी येते, हेही समजून घ्या. चालकाकडे योग्य परवाना नसताना कुणाला इजा झाली, तर विमा कंपनी आधी भरपाई भरते आणि नंतर ती मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत असते. घर आणि जमीन पणाला लागते ती अशी.

आणखी एक बारकावा बऱ्याच जणींना ठाऊक नसतो. पॉलिसीत 'मालक-चालक' म्हणून १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं. ते मालक स्वतः गाडी चालवत असेल तेव्हाचं. गाडी आईच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर ते मुलाला लागू होत नाही. चालकासाठी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घेता येतं. प्रतिनिधीनं "होऊन जाईल ताई" म्हटलं, तरी पॉलिसीवर तशी ओळ छापून आली का, ते बघा.

कागद बघताना

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला, की गाडीची नोंद दिसते. फिटनेस म्हणजे पासिंग कधीपर्यंत आहे, विमा चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. गटातल्या एखादीच्या मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत काढून देईल. ई-चलनाचा दंड बाकी आहे का, तेही तिलाच बघायला लावा.

मग मूळ कागद हातात घ्या. झेरॉक्सवर व्यवहार नको. काय काय बघायचं?

पहिलं, आरसी. त्यावरचं नाव आणि समोर विकायला बसलेला माणूस एकच आहे का? नसेल, तर "मी यांच्याकडून घेतली, नाव करायचं राहिलं" ही गोष्ट ऐकून पैसे देऊ नका. आधी त्यानं नाव करावं, नाहीतर मूळ मालकाला समोर आणावं. मूळ मालक वारला असेल, तर वारसाच्या नावावर गाडी आधी करून घ्यावी लागते. त्याचा फॉर्म वेगळा, ३१ नंबरचा.

दुसरं, चेसी नंबर आणि इंजिन नंबर. आरसीवरचा आकडा आणि लोखंडावर ठोकलेला आकडा अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. खरवडल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा असतील, तर तिथून निघा.

तिसरं, बोजा. आधीच्या मालकाचं फायनान्स फिटलेलं नसेल, तर तुम्ही पूर्ण पैसे मोजूनही गाडी ओढून नेली जाऊ शकते. कर्ज देणाऱ्याची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवला, तरच गाडी मोकळी झाली असं धरा.

चौथं, पासिंग. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग करावं लागतं. गाडी पंधरा वर्षांपुढची असेल, तर पासिंगचा खर्च बराच वाढतो. स्वस्त मिळालेली जुनाट गाडी इथंच महाग पडते. एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल, तर परमिटही लागतं. ते वजन आरसीवर लिहिलेलं असतं.

पाचवं, विमा, पीयूसी आणि कर भरल्याची पावती.

व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल, तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे गाडी नावावर झाली, हा मोठा गैरसमज आहे. नाव आरसीवर चढलं तरच गाडी आपली.

हीच गोष्ट उलट बाजूनंही लक्षात ठेवा. तुम्ही घरची जुनी जीप किंवा मोटारसायकल विकली आणि नाव तुमचंच राहिलं, तर नव्या मालकाच्या अपघाताची भरपाई तुमच्या दारात येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कागदावर ज्याचं नाव, तोच मालक.

पैसे देताना थोडी रक्कम, पन्नास हजार म्हणा, नाव होईपर्यंत हातात ठेवा, आणि तसं व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. बाकीचे बँकेतून द्या, म्हणजे पुरावा राहतो.

गाडीची तब्येत

बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. गाडीलाही तसंच तपासायचं. सोबत आपल्या ओळखीचा मेस्त्री न्या. विकणाऱ्याच्या मेस्त्रीवर भरवसा नको.

सकाळी जा आणि इंजिन गार असतानाच चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल, तर काहीतरी लपवायचं आहे असं समजा. धूर बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर ऑइलचं झाकण काढून बघा. आत दुधाळ फेस असेल, तर इंजिनात पाणी शिरतंय. दोन्हीकडे मोठा खर्च आहे.

मग वाकून खाली बघा. पिकअपचा कणा म्हणजे चेसी. तिथं वेल्डिंगच्या जोडाच्या खुणा, भेगा किंवा ताजा काळा रंग असेल, तर का मारला ते विचारा. मागचे पाटे मोजा. कंपनीनं दिले त्याहून जास्त पाटे चढवले असतील, तर या गाडीनं पेलण्यापेक्षा जास्त ओझं वाहिलेलं आहे. हौद्याचा तळ गंजला आहे का, बघा. खत, मीठ आणि मासळी वाहिलेल्या गाड्यांचा तळ लवकर जातो.

किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण पायांनी झिजलेलं पेडल फिरवता येत नाही. काटा चाळीस हजार दाखवतो आणि क्लच-ब्रेकचं रबर गुळगुळीत झालंय, तर खरं कोण बोलतंय ते ओळखा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी चांगली दिसली, तरी जुनं रबर आतून वाळलेलं असतं.

शेवटी, गाडी रिकामी चालवून समाधान मानू नका. दहा-बारा पोती टाकून चढावर न्या. गिअर सुटतो का, क्लच घसरतो का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे तेव्हाच कळतं.

हप्त्याचं गणित

आता आपल्या गटातल्या बायकांचा हातखंडा विषय. समजा दोन लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी घ्यायचं आहे. एजंट म्हणतो, "बारा टक्के फ्लॅट." ऐकायला गटापेक्षा स्वस्त वाटतं. गणित करू. दोन लाखांवर बारा टक्क्यांनी वर्षाचं व्याज २४,००० रुपये, तीन वर्षांचं ७२,०००. हप्ता झाला महिन्याला सुमारे ७,५५६ रुपये. तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दोन लाखांवर. शिल्लक रकमेवर मोजलं, तर हा दर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

तेच दोन लाख गटातून शेकडा दीड रुपयानं, शिल्लक रकमेवर मिळाले, तर समान हप्ता येतो सुमारे ७,२३० रुपये. तीन वर्षांत साडेअकरा हजारांहून जास्त रुपये वाचले. म्हणून दर विचारताना "फ्लॅट की शिल्लक रकमेवर?" हा प्रश्न आधी. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेनं आणि फायनान्स कंपनीनं कर्जाआधी माहितीपत्रक द्यायचं असतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि ते कर्जदाराला समजेल त्या भाषेत हवं. ते मराठीतून मागा. मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग गाडी कमावणार किती? एक अंदाज मांडू, आकडे तुम्ही आपल्या गावचे घाला. हप्ता ७,५५६. विमा, पासिंग, कर मिळून वर्षाला ३६,००० धरले, तर महिन्याला ३,०००. टायर-दुरुस्तीचे ३,०००. म्हणजे गाडी दारात उभी राहिली, तरी साडेतेरा हजार लागणार. आता एक फेरी जाऊन-येऊन साठ किलोमीटरची, गाडी लिटरला बारा किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर डिझेलला ४५० गेले. भाडं १,०५० मिळालं, तर उरले ६००. खर्च निघायला महिन्यात तेवीस फेऱ्या हव्यात.

आणि यात मजुरी धरलेलीच नाही. चालकाला फेरीमागे तीनशे दिले, तर उरतात तीनशे, आणि फेऱ्या लागतात पंचेचाळीसच्या वर. पुढे मुलगा स्वतः चालवेल तेव्हाही त्याची मजुरी हिशोबात लिहा. शेतात राबणाऱ्या बाईची मजुरी कुणी धरत नाही, म्हणून शेती नफ्यात दिसते. गाडीच्या वहीत ती चूक नको. इतक्या फेऱ्या मिळणार नसतील, तर चार घरांनी किंवा गटानं मिळून एक गाडी घ्यावी, किंवा वर्षभर थांबावं. थांबणं हाही निर्णयच आहे.

हौद्यात माणसं नकोत

हे मात्र आपल्या सगळ्या बायकांसाठी आहे. खुरपणीला, कांदा काढायला, जत्रेला, लग्नाला पिकअपच्या हौद्यात उभं राहून जाणाऱ्या आपणच असतो. हौद्याला ना आसन, ना धरायला आधार. वळणावर गाडी कलंडली, तर माणसं आधी फेकली जातात.

आणि मालगाडीच्या विम्यात अशा प्रवाशांना संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या निकालात हे सांगितलं आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस यांची गोष्ट वेगळी, तीही आरसीवर जितक्या जागा लिहिल्या आहेत तितक्यांचीच. बाकी वीस बायका बसवल्या आणि काही झालं, तर भरपाई गाडीच्या मालकिणीनं द्यायची. जखमी होणारी आपली, आणि देणारीही आपलीच. आपली गाडी असली, तर नाही म्हणायचं. दुसऱ्याची असली, तर बसायला नाही म्हणायचं. मुकादमाला सांगायचं, प्रवासी गाडी आण.

ओझ्याचंही तसंच. आरसीवरच्या वजनाहून जास्त भरलं, तर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००. एका जास्तीच्या फेरीचं भाडं वाचवायला गेलं, तर महिन्याचं उत्पन्न जातं.

घरातली बोलणी

आता मुलाशी बसून बोलायचं. ओरडून नाही, समजावून. पिकअप कारसारखी चालत नाही. रिकामी असली की मागून हलकी होते, पावसात ब्रेक मारला की मागची चाकं घसरतात. भरली की थांबायला जास्त अंतर लागतं, आणि कडब्यासारखं उंच ओझं असलं तर वळणावर कलते. ताशी साठच्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळपास सतरा मीटर जाते. मोबाईलकडे दोन सेकंद बघितलं, तर तेहतीस मीटर ती न बघताच गेली. आणि वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. हे त्याला रस्त्यावर पावलं मोजून दाखवा, लक्षात राहील.

मग चार-पाच नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पहिले सहा महिने रात्री गाडी नाही. केबिनमध्ये मित्रांची गर्दी नाही. बेल्ट लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही. फोन आला तर गाडी बाजूला घेऊन बोलायचं, आणि घरच्यांनीही तो गाडीवर असताना सारखे फोन करायचे नाहीत. पिऊन चाक धरायचं नाही, आणि पिलेल्या माणसाच्या हाती, तो काका असो की वडील, किल्ली द्यायची नाही. शेवटचा नियम बोलायला सगळ्यात अवघड आहे, म्हणूनच तो लिहून ठेवायचा. मुलाला नाही म्हणताना लिहिलेल्या कागदाचा आधार होतो.

रोजचा हिशोब त्यानं स्वतः लिहायचा. किलोमीटर, डिझेल, भाडं, उधारी. आणि महिन्याच्या शेवटी आईनं तो वाचायचा. ज्याच्या हाती गाडी, त्याच्याच हाती वही असली, की गाडी जपून चालते.

मैत्रिणींनो, गाडी घेऊ नका असं आमचं म्हणणं नाही. आपला माल आपल्या गाडीनं बाजारात जावा, ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त इसार देण्याआधी हा लेख गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. ज्या घरात गाडीचा विचार चालू आहे, त्या ताईबरोबर गाडी बघायला गटातल्या दोघी जा. एक कागद बघेल, एक गणित करेल, आणि मेस्त्री इंजिन बघेल. चौघांसमोर विकणाराही जरा नीट बोलतो. आणि मुलाला अजून वीस झाले नसतील, तर त्याला सांगा, गाडी येईल बाळा, तोवर तू शिकून तयार हो.